काचेच्या तारेचा जोड

मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि जे शिकलो त्यातलंही धड किती कळलं याची शंका वाटते. तरी लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी कॉलेजाजवळ कुडव्याला खोली करून राहतो. घर चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या एका गावात. मोठा भाऊ आखातात वेल्डर आहे. गावात मोबाइलचं नेट नावापुरतंच, म्हणून गेल्या वर्षी मीच मागे लागून घरी फायबर घ्यायला लावलं. खांब पुरले नाहीत तेव्हा केबलवाल्याने तार आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांवरून ओढत आणली.

मग मी घरच्यांना शिकवायला बसलो. राऊटर म्हणजे काय, पासवर्ड कशाला, इंटरनेटवरून फोन कसा लागतो. मायला सांगितलं की तुझ्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, एकेक तुकडा पाकिटात घालून जातो आणि तिकडे परत जोडला जातो.

"एखांदं पाकीट रस्त्यात पडलं तं?" तिने विचारलं.

"मंग आवाज तुटते."

"म्हणूनच मोठा अर्धंच बोलते वाटते."

बाबांना एवढंच सांगितलं की फोनवर पंख्यासारखं चिन्ह दिसलं म्हणजे लाइन चालू. ते त्यांनी पक्कं धरलं. भाऊ वायफायवरच बोलतो, तर रिचार्ज कायले, म्हणून त्यांनी रिचार्जही बंद केला, त्यामुळे साधा फोन येणंही बंद झालं. घरात फोन तो एकच.

यंदा धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले आणि भावाचा फोन आला. करार संपत होता. परत यावं की आणखी दोन वर्षं सही करावी, त्याचं ठरत नव्हतं. बाबांना राग आला. नाही यायचं तर फोनही नको करू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर भावाचा फोन आलाच नाही.

मी घरी फोन करत नसे, सुटीला जायचो; त्या शनिवारी घरी गेलो. दोन प्रॅक्टिकल, मग बस, मग फाट्यापासून चालत. मायने पाण्याचा गिलास देण्याआधी फोनच हातात दिला. यात काही बिघाड तर नाही ना, पाहा म्हणाली. मी पाहिलं, चिन्ह होतं. त्याच्या बाजूला बारीक उद्गारचिन्हही होतं, ते मला दिसलं नाही. लाइन ठीक आहे, असं सांगून मी आडवा झालो. कुडव्याहून मी भावाला मेसेज पाठवले होते, त्यांवर एकच टिक येत होती, पोचल्याची दुसरी येत नव्हती. त्याने फोनच बंद ठेवला असावा, असं मला वाटलं. बाबा बाहेर जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी मायने परत फोन दिला. या वेळी मी राऊटरजवळ गेलो. धूळ बसू नये म्हणून तिने डब्यावर रुमाल टाकला होता. उचलला तर खाली लाल दिवा. वायफाय घरातल्या घरात चालू होतं, बाहेरचं इंटरनेट बंद. हा फरक मी परीक्षेत लिहिला होता, आणि घरी सांगितला नव्हता.

मी तारेमागे तारेमागे धुऱ्याने चालत गेलो. एका झाडाची फांदी ताजी तोडलेली होती आणि तिथेच तारेवर काळ्या टेपचा जोड होता, नीट घट्ट गुंडाळलेला. बाबा मागून आले. पऱ्ह्यावर सावली पडत होती म्हणून फांदी तोडली, तिच्यासोबत तार तुटली, ती त्यांनी त्याच दिवशी सोलून, पीळ देऊन जोडली होती.

"मोटारीच्या तारेले असाच जोड मारतो," ते म्हणाले. "चिन्ह तं होतं फोनवर. रोज पाहून राहिलो होतो."

"बाबा, याच्यात करंट नाही जात. काच आहे आत. काचेतून उजेड जाते."

ते जोडाकडे पाहत राहिले.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"



मी तसाच जाऊन केबलवाल्याला गाठलं. सगळीकडे तारा तुटून पडल्या आहेत, बुधवारच्या आधी जमणार नाही, असं तो म्हणाला. मी कॉलेज बुडवून थांबलो. रोज त्याच्याकडे जायचो, रोज तेच ऐकून यायचो. बुधवारी तो मशीन घेऊन आला आणि जोड मारून लगेच गेलाही. दिवा हिरवा झाला.

बाबांच्या हातातला फोन वाजायला लागला. अनोळखी नंबरवरून बोललेले मेसेज होते, एकामागून एक. मी ते क्रमाने लावले. पहिल्यात भाऊ म्हणत होता की त्याचा फोन पाण्यात पडला, बाबांचा सोडून कोणाचाच नंबर पाठ नाही, हा सोबत राहणाऱ्याचा फोन आहे. पुढच्या तीन-चार मेसेजांत एकच गोष्ट होती. कंपनीवाले सही मागून राहिले आहेत, बाबा. तुम्ही एकदा ये म्हणा, मी येतो.

शेवटचा सोमवारचा होता.

"बाबा, अजून एकच टिक येऊन राहिली. तुम्ही मले ब्लॉक केलं वाटते. काही हरकत नाही. आज दोन वर्षांची सही केली. मायले सांगा."