लाल दोऱ्याची चादर

इस्पितळाच्या धुलाईघरात मी बत्तीस वर्षं फिटर होतो. तिथल्या मुकादमबाईंना सगळे चौकशीताई म्हणायचे. "का?" विचारल्याशिवाय त्या साबणाची वडीसुद्धा हातात घेत नसत. तोंड सतत चालू, पण हात त्याहून जोरात. दोघांनी उचलायचं ओलं गाठोडं त्या एकट्या उचलायच्या. म्हणून मी त्यांचं ऐकायचो.

एका वर्षी टाकी दुपारीच रिकामी व्हायला लागली. साहेबांनी बजावलं, "महिन्याभरात पाण्याचा वापर पाव हिश्शाने कमी करा. नाहीतर कपडे बाहेर धुवायला देऊ." म्हणजे आम्ही अकरा जण घरी.

जो तो कामाला लागला. मी गळणारे सगळे नळ दुरुस्त केले. गाडे ढकलणाऱ्याने गंजलेल्या गाड्यांना रंग फासला. पंधरा दिवस घाम गाळला, तरी मीटर आपलं पळतंच होतं.

सोळाव्या दिवशी ताईंनी एका चादरीच्या कोपऱ्याला लाल दोरा शिवला आणि सकाळपासून तिच्या मागे फिरू लागल्या. मशीनमधून गाड्यावर, गाड्यावरून वाळवणीला.

"ताई, चादरीला सासरी पोचवायला निघालात काय?" मशीनवाला ओरडला.

"माहेरी परत येते का ते बघतेय."

आलीच. दुपारी ती तांबडा डाग घेऊन पुन्हा मशीनपाशी हजर. त्यांनी मोजलं. तिनातली एक चादर अशी दोनदा धुतली जात होती.

ताईंनी खडू घेतला आणि भिंतीवर बाण काढत एकेकाला विचारू लागल्या.

"डाग कशाचा?"

"गाड्याच्या गंजाचा."

"रंग दिलात ना?"

"टिकत नाही. गाडे पाण्यात उभे असतात."

"फरशीवर पाणी का?"

"गटार तुंबतं. चादरींचे धागे अडकतात."

"मग धागे अडवणारी जाळी कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. जाळी माझ्या कपाटात होती. रोज साफ करायला वीस मिनिटं जायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच काढून ठेवली होती. कामचुकारपणा, दुसरं नाव नाही.

ताईंनी शेवटचा बाण पहिल्याला नेऊन भिडवला. जास्त धुणं, जास्त धागे, पुन्हा तेच.

"आम्ही सगळे घाण्याला जुंपलेलो, फिटरदादा, आणि खुंटा तुमच्या कपाटात!"

जाळी त्याच दिवशी बसवली. गटार उपसलं. फरशी कोरडी झाल्यावर गाडे घासून पुन्हा रंगवले. महिनाअखेरीस पाण्याचा रोजचा वापर पाव हिश्शाहून थोडा जास्तच उतरला होता. साहेबांनी विचारलं, "कोणतं नवीन यंत्र बसवलंत?"

"फिटरदादांची वीस मिनिटं," ताई म्हणाल्या.

अकराच्या अकरा जण राहिलो. जाळी रोज मीच साफ केली, आणि ताई रोज बोट फिरवून बघायच्या. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असताना मी म्हटलं, "आज तरी सोडा."

"पाच वाजलेत का?"

काम सुटायला अजून वेळ होता. हार काढून खुंटीला लावला आणि जाळी काढली.