कोमलची जेली आमच्या फ्रिजमध्ये

माझ्या वर्गातली कोमल मला आवडायची, हे आधी सांगून टाकते. तेव्हा आमचे प्रोजेक्ट सुरू झाले नव्हते.

तिचं घर उलव्याच्या पलीकडे, खाडीकाठी. वडील काशिराम अजून बोट घेऊन जातात, आई गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. कोमलचं प्रोजेक्ट सोनोग्राफीचं. "बाबांच्या बोटीवर मच्छी दाखवायचं मशीन हाय ना? आवाज खाली सोडतं, तो आपटून परत येतो. सोनोग्राफी म्हणजे तेच," असं ती सांगते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. इथेच माझं डोकं फिरतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला फ्यूजन घेतलंय. सूर्यात हलके अणू जुळून उष्णता निघते, ते इथे करायचं तर तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरावा लागतो. त्यातली उष्णता भिंतीकडे किती गळते, ते मी कॉम्प्युटरवर काढते. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याने मोबाइल काढलेला असतो.

तरी मी सहन केलं असतं. पण कृष्णकांत सर, आम्हा दोघींचे गाइड, म्हणाले की उन्हाळ्यात एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करायला कॉलेजकडून एकच नाव जाणार, आणि ते शनिवारच्या प्रात्यक्षिकावर ठरणार. त्या दिवसापासून कोमलचं हसणंही मला खुपायला लागलं.

माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून ती खोटं शरीर बनवते. चायना ग्रास उकळायचं, त्यात इसबगोल घालायचं, डब्यात ओतायचं आणि मधोमध एक द्राक्ष सोडायचं. द्राक्ष म्हणजे गाठ. वरून आवाज सोडणारा प्रोब टेकवून ती गाठ शोधायची. आधीची जेली बसच्या हादऱ्यांनी चिरली, म्हणून शुक्रवारी सरांनी फर्मान काढलं, "ऋचा, तुझं घर कॉलेजजवळ, नवीन पनवेललाच आहे. हिची जेली आज तुझ्या फ्रिजमध्ये ठेव."

म्हणजे आता सांभाळायचीही मीच! घरी आल्यावर डबा आईच्या हातात दिला. "कोमलचं आहे, ठेव," एवढंच बोलले. तिच्या प्रयोगाचं कौतुक आपल्या तोंडाने कशाला करा?

त्या दिवशी एकादशी होती. गुणाबाई अधूनमधून आमच्याकडे कोलंबी पाठवतात. आज उपास म्हणून त्यांनी चायना ग्रास पाठवलं असणार, असं आईने धरलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर जेली ताटात उपडी केलेली, आणि आई सुरीने पहिली वडी कापत होती. शेजारच्या वसुंधराकाकूंसाठी वाटीही काढून ठेवलेली.

"किती लक्षात ठेवतात गं ती माणसं," आई म्हणाली. "नारळाचं दूध घातलंय वाटतं."

मी दारात उभी राहिले. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. अजून एकदा सुरी फिरली की संपलं. मनापासून वाटलं, कापू दे.

"आई, थांब! प्रयोग आहे तो!"

तोंडातून निघून गेलं. आईने सुरी टाकली आणि कपाळाला हात लावला. एक कोपरा गेलाच होता.

शनिवारी सकाळी आई स्वतः डबा घेऊन कॉलेजात आली आणि कोमलची माफी मागायला लागली. कोमलने जेली फिरवून बघितली. वरचा भाग गोठताना सुरकुतला होता, त्यावर प्रोब नीट बसेना. मग तिने तो कापलेल्या कोपऱ्यावर टेकवला. सुरीने कापलेली बाजू अगदी सपाट होती. स्क्रीनवर द्राक्षावरून परतलेल्या आवाजाची रेघ ताडकन उभी राहिली.

"काकू, तुमी तर कामच केलंत माझं!"

सर पुढे वाकले, परीक्षक जमले, आई टाळ्या वाजवायला लागली. शेजारच्या टेबलावर माझ्या कॉम्प्युटरवरचा रंगीत आलेख एकटाच फिरत होता. आमच्या घरची सुरीसुद्धा हिच्याच बाजूची! मला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं.

नाव कोमलचं लागलं. मी हात पुढे केला, अभिनंदन म्हटलं. तिने तर मला मिठीच मारली.

रिक्षात आई बराच वेळ कोमलबद्दल बोलत होती. मग मध्येच थांबली. "आणि तुझं कधी जाणार नाव?"

"नाही जाणार. जागा एकच होती."

आईने माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"एकच? मग मला थांबवलंस कशाला गं? आधी सांगायचंस ना. सगळीच कापून वाटून टाकली असती."

आई गंमत करत नव्हती. घर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.