खाटेची जागा

कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन आठवडा झाला. शी-शू कागदावरच करायची, एवढं शिकवण्यासाठी मी खोलीभर जुनी वर्तमानपत्रं पसरतो. त्याने सगळीकडचे कागद भिजवले, अगदी सोफ्याखालचासुद्धा. खिडकीपाशी अंथरलेले चार मात्र रोज कोरडे राहतात. त्यांच्या कडेकडेने ते चालतं, कोपऱ्यावर वळतं, आत पाऊल टाकत नाही.

तिथे बाबांची खाट होती. ते गेले, खाट देऊन टाकली आणि त्या जागी आम्ही दिवा लावला, त्याच्याखाली पीठ पसरलं. ठसे उमटलेत का, हे बघायला दुसऱ्या दिवशी सगळे वाकले. "काहीच नाही," आत्या म्हणाली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पिल्लाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

माणूस गेला की त्याची जागा मोकळी झाली, असं आपण धरून चालतो. झाडतो, फरशी पुसून घेतो. पण जागा बहुधा आपल्याला विचारून मोकळी होत नसावी.

आज सकाळी पिल्लू त्या कडेशी बसलं होतं. मान वर, कान मागे पाडलेले, डोळे मिटलेले. डोक्यावरून हात फिरवला की ते असंच बसतं. मी तर दारात उभा होतो.

"तिथले कागद उचल आता," मागून बायको हळूच म्हणाली.

मी कडेला गुडघे टेकले आणि आत पाय न पडू देता, वाकून एकेक कागद बाहेर ओढून घेतला.