दाराशी थांबणाऱ्या सावेबाई

श्रीमती मंदाकिनी सावे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्या दुकानात, आणि त्या दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हते. भाईंदरच्या कुरिअर ऑफिसातली माझी नोकरी नुकतीच सुटली होती. कोणीतरी सुचवले म्हणून मी शांती नगरातल्या त्यांच्या किराणा दुकानात काम विचारायला गेले, तर शटर अर्धे खाली ओढलेले. आत फळ्यांवरचे पुडे एकेक करून नाहीसे होत होते आणि रॅकच्या मागून चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. घेणारा कोणी दिसत नव्हता, माल मात्र जात होता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

बाई रॅकमागून पुढे आल्या. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "दचकलीस? मलाही सुरुवातीला असंच व्हायचं. गिऱ्हाईक आहे गं, त्याचा चेहरा तेवढा गेलाय." त्याच दिवशी मी त्यांच्याकडे कामाला लागले.

त्या वेळी बाईंनी पासष्टी ओलांडली होती. घरोघरी मोबाइलवरून सामान मागवणे सुरू झाले आणि आमच्या भागातली दुकाने एकामागून एक मिटू लागली. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. आसपासच्या दुकानदारांना एकत्र करून त्यांनी चेणे गावात एक गोदाम भाड्याने घेतले. सगळ्यांचा माल एका ठिकाणी आणि सगळ्यांचे मिळून एक अ‍ॅप. पूर्वी घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो येई, पोती उतरत आणि आठवडा निघे. आता कोणाला एक साबण हवा असे, कोणाला पावशेर रवा, आणि तोही लगेच. बाईंनी मांडणीच बदलली. जे जिन्नस लोक एकत्र मागवतात, ते शेजारी शेजारी ठेवले. "दुकान मांडायचं दाखवायला, गोदाम मांडायचं उचलायला," हे त्यांचे वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ झाले आहे.

गोदामातला सगळ्यांत सोयीचा, दाराजवळचा रॅक त्यांनी समोरच्या गुजराती दुकानदाराला दिला. उभ्या आयुष्याचा तो त्यांचा स्पर्धक. तो चक्रावून म्हणाला, "बेन, मेरा माल आगे क्यों?" बाई म्हणाल्या, "क्योंकि आपका शटर पहले गिरनेवाला था." मूल्ये हा शब्द बाईंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अशा गोष्टी मात्र पुष्कळ पाहिल्या.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने त्यांतली एक मला इथे सविस्तर सांगायची आहे.

बेव्हर्ली पार्कमधल्या एका फ्लॅटमधून दर मंगळवारी ऑर्डर येत असे. पेजेसाठी तांदळाच्या कण्या, दूध, मऊ बिस्किटे. नाव वागळे. सामान पोहोचवायला डॉमनिक जाई. तो उत्तनचा, कोळीवाड्यातला, चाळिशीचा गडी. वादळात होडी घालणारा हा माणूस एक दिवस गोदामात येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, मी त्या घरला परत जानार न्हाय. आवाज हाय, मानूस न्हाय."

त्याने सांगितले ते असे. बेल वाजवली की आतून एका वयस्क बाईंचा आवाज येई, "दाराशी ठेवा, मी घेते." त्याआधी बारीकसा खोकला आणि 'घेते' म्हणताना मागे कुकरची शिट्टी. दर मंगळवारी तेच. तोच खोकला, त्याच शब्दावर तीच शिट्टी. दार कधी उघडले नाही. खाली वॉचमनला विचारले तर तो म्हणाला, "वो फ्लॅट? वहाँ की आंटी तो कब की गुजर गयी. अंकल का पता नहीं, हमने तो किसी को देखा नहीं."

बाकीच्या मुलांपर्यंत ही गोष्ट पोहोचली आणि कोणीच जायला तयार होईना. अ‍ॅप सांभाळणाऱ्यांनी सुचवले की हा पत्ता बंदच करून टाकू. बाई म्हणाल्या, "पेज मागवणारं कोणीतरी तिथे जेवतंय. ज्याला खायला लागतं, ते माझं गिऱ्हाईक." पुढच्या मंगळवारी त्या स्वतः निघाल्या. मला सोबत घेतले.

जिन्यात उजेड होता, शेजारच्या घरी टीव्ही चालू होता. बाईंनी बेल वाजवली. खोकला. "दाराशी ठेवा, मी घेते." शिट्टी.

बाई दाराजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "काकू, मी सावेबाई, दुकानातली. काही लागलं तर सांगा हं."

मग पुन्हा खोकला, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा शिट्टी. मी जिन्याकडे सरकले. बाईंनी पिशवी ठेवली, "येते" म्हणाल्या आणि शांतपणे जिना उतरल्या. त्यानंतर दर मंगळवारी त्या जाऊ लागल्या. मी नाइलाजाने बरोबर असे.

एका मंगळवारी ऑर्डर आलीच नाही, तरी बाई निघाल्या. आम्ही वर गेलो तर आदल्या वेळची पिशवी तशीच दाराशी पडलेली. दुधाच्या पिशव्या फुगल्या होत्या. बाईंनी बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. मी म्हणाले, "गावाला गेले असतील, चला." आम्ही वळलो. पहिल्या पायरीवर माझा पाय पडला आणि दारामागून आवाज आला.

"जाऊ नका."

आवाज त्याच बाईंचा. पण खोकला नव्हता, शिट्टी नव्हती आणि तो अगदी दाराला लागून आला होता.

बाईंनी तिथूनच वॉचमनला हाका मारल्या, सेक्रेटरींना बोलावले, सुताराकडून कुलूप फोडून घेतले. दारामागे कोणी नव्हते. आत न्हाणीघराच्या उंबऱ्यात एक वृद्ध गृहस्थ पडले होते. मांडीचे हाड मोडलेले, ओठ सुकलेले, पण हाताशी आलेल्या बादलीतल्या पाण्यावर तगलेले, शुद्धीवर. गळ्यात ऑपरेशनचे छिद्र. त्यांना आवाजच नव्हता.

ते वागळे. रुग्णालयात सावरल्यावर त्यांनी मोबाइलवर टाइप करून आम्हांला सगळे सांगितले. आजारात त्यांची स्वरपेटी काढावी लागली. गळा कोणाला दाखवायची त्यांना लाज वाटे. आपल्यामागे यांचे कसे होणार, या काळजीने पत्नीने जाण्याआधी स्वयंपाक करता करता त्यांच्या मोबाइलवर दोन वाक्ये बोलून ठेवली होती. वागळ्यांनी ती आम्हांला ऐकवली. "दाराशी ठेवा, मी घेते." आणि "आज काही नको."

तिसरे वाक्य नव्हते. शिवाय दार फोडले तेव्हा तो मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर बंद पडलेला होता. चार्जिंग संपलेले. तो मी माझ्या हातांनी उचलला होता.

परतताना रिक्षात मी विचारले, "बाई, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग ते कोण बोललं?"

बाई म्हणाल्या, "आपल्याला थांबायला सांगितलं, आपण थांबलो. त्याच्यापुढचं विचारायचा मला हक्क नाही."

त्यांनी आणखी काही विचारले नाही, पण गोदामाचा कारभार बदलला. आदली पिशवी दाराशी तशीच दिसली तर आमचा माणूस तिथून हलत नाही, फोन करतो, आणि आमच्यापैकी कोणीतरी जाते. एकट्या राहणाऱ्यांच्या दाराशी पिशवी आत घेतली जाईपर्यंत थांबायचे, हा नियम. अ‍ॅपवाले म्हणाले, यात वेळ जातो, डिलिव्हरी कमी होतात. बाई म्हणाल्या, "होऊ देत." एकट्या राहणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांना या थांबण्याने वेळेवर मदत मिळाली, ते आमच्या शहरातल्या घराघरांत ठाऊक आहे. डॉमनिकही आता त्या घरी जातो, मात्र गळ्यातला क्रूस हातात धरून.

वागळेकाका हल्ली दार स्वतः उघडतात. बाई मंगळवारी अजूनही जातात, चहा घेतात. निघताना काकांचा निरोप घेतात आणि मग त्यांच्या खांद्यावरून रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणतात, "येते हं, काकू." वागळेकाका तेव्हा मान खाली घालतात. तिकडे वळून बघण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या सावेबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला मनाई केली आहे. ती त्या मुळीच पाळत नाहीत, तेव्हा त्यांचे गुडघे शाबूत राहोत, ही आम्हां सर्वांची मनापासूनची प्रार्थना. ऐकणारे जे कोणी असतील, त्यांनी ती ऐकावी.