घरात काय काय बंद केलंत?

भोसरीत एमआयडीसीच्या गाळ्यांकडून गावठाणात येणारा जो रस्ता आहे, त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. शेजारी निशिगंधा मॅडमचा दवाखाना. मधे प्लायवूडचं पार्टिशन. मॅडम हळू बोलत नाहीत आणि पेशंट तर त्यांच्याहून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे चौदा वर्षं मी नको ते सगळं ऐकत आलोय.

मॅडम कुणी मोठ्या डॉक्टर नव्हेत. ताप, जुलाब, बीपी, बोटात घुसलेला लोखंडाचा कीस, शिफ्ट बदलली की उडणारी झोप, हेच त्यांचे पेशंट. मला त्यांच्याबद्दल आदर होता, पण तो शेजाऱ्याला असतो तेवढाच. त्यापलीकडचं जे काही आहे ते रंभाताईंपासून सुरू झालं.

रंभाताई मूळच्या जिंतूरकडच्या. नवरा धोंडीबा इथे एका वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडून मशीनवर कामाला. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बारावीतली एक मुलगी. रंभाताईंच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सर निघाला. ऑपरेशन आणि केमो सरकारी योजनेत झालं. त्यानंतर पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची होती. ती गोळी त्या माझ्याकडून न्यायच्या. सुरुवातीला महिन्याला तीन पाकिटं, मग दोन, मग दीड. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण गिऱ्हाईकाला असं कसं विचारायचं, म्हणून मी गप्प बसलो.

फेब्रुवारीतली सकाळ असेल. रंभाताई चक्कर येते म्हणून दवाखान्यात आल्या. मॅडमनी बीपी पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग पार्टिशनपलीकडून आवाज आला,

"रंभाताई, एक विचारते, खरं सांगा. हे दुखणं आल्यापासून घरात काय काय बंद केलंत?"



"दूध बंद केलं बाई," रंभाताई म्हणाल्या. "लेकीची शिकवणी बंद केली. तपासणीला जायचं म्हणलं की ह्यांचा खाडा व्हायलाय, म्हणून तेबी दोन बाऱ्या सोडलं."

"आणि गोळी?"

"गोळी नाही बंद केली. एक दिवसाआड घ्यायलेय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मला वाटलं, आता मॅडम कडाडणार. एखाद्यानं तापाचं औषध मधेच सोडलं तर त्या किती ओरडतात ते मला माहीत होतं. पण त्या म्हणाल्या, "यात तुमची चूक नाही. मीच विचारायला उशीर केला."

रंभाताई रडायला लागल्या. चौदा वर्षांत त्या पार्टिशनमागे मी पुष्कळ लोकांना रडताना ऐकलंय, पण आपली चोरी पकडली गेली आणि तरी कुणी रागावलं नाही म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं.

मॅडम उठून माझ्या काउंटरवर आल्या. "ज्ञानेश, गोळ्या कमी न्यायला लागल्या तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. तिथेच उभ्या राहून त्यांनी हॉस्पिटलमधल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. तीन महिने गोळी निम्मीच गेली आहे, हे लपवाछपवी न करता सांगितलं. हेच औषध जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळतं, ते चालेल का, विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण तपासणी चुकवू नका. मॅडमनी तपासणी, रक्त आणि छातीचा फोटो सगळं एकाच दिवशी मागून घेतलं, म्हणजे धोंडीबाचा एकच खाडा पडावा. मग माझ्यादेखत रंभाताईंना सांगितलं, "ज्ञानेशकडून नका घेऊ आता. जनऔषधीत जा."

माझं गिऱ्हाईक माझ्याच काउंटरवरून त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तेव्हा टोचलं, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोंडीबाला पगाराची स्लिप आणायला सांगितली. चष्मा लावून त्या ती ओळ न् ओळ वाचत होत्या. "हे बघा, ईएसआय कापलंय. दर महिन्याला कापतात. कार्ड कुठंय?"

"कार्ड नाही दिलं मॅडम. ते कशाचं कापतेत तेच माहीत नाही मला."

म्हणजे कामगार विमा होता. त्यातून बायकोची गोळी, तपासण्या, सगळं मिळू शकत होतं. पण कागदावर धोंडीबाचं नाव आधार कार्डापेक्षा वेगळं पडलं होतं आणि बायकोचं नावच घातलं नव्हतं. धोंडीबा ठेकेदाराकडे चार वेळा जाऊन आला. प्रत्येक वेळी उत्तर, पुढच्या आठवड्यात बघू.

मग एका मंगळवारी दुपारी मॅडमनी मला विचारलं, "तुझी स्कूटर आहे ना? मला त्या ठेकेदाराकडे सोड."

ऑफिस म्हणजे एका गाळ्याचा माळा. खाली प्रेस मशीनची धडधड, त्यामुळे वर टेबलावरचा चहासुद्धा थरथरत होता. ठेकेदार चाळिशीचा, बरा माणूस वाटला. मॅडमना पाहून गडबडला. "तुम्ही डॉक्टर, तुम्ही कशाला आलात? करू की आपण. जरा ऑडिट चाललंय."

"चालू द्या. मी बसते. माझा दवाखाना पाचला उघडतो."

"अहो, ईएसआयला द्यायच्या पत्रातच दोन तास जातील."

मॅडमनी पिशवीतून कागद काढले. पत्र टाइप केलेलं, दोन्ही नावं लिहिलेली, रंभाताईंचा फोटो चिकटवलेला. फक्त त्याची सही आणि शिक्का बाकी. आदल्या दिवशी त्या स्वतः ईएसआयच्या ऑफिसात रांगेत उभ्या राहून काय काय लागतं ते विचारून आल्या होत्या. मी बघतच राहिलो. ही बाई अडीच तास रांगेत उभी होती आणि शेजारी असून मला पत्ता नव्हता. मला वाटलं होतं त्यांचं घरचं काही काम असेल.

ठेकेदारानं मुकाट्यानं शिक्का मारला. कायदा मॅडमच्या बाजूला होता, त्या दोन शब्द सुनावू शकल्या असत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कामगार किती?"

"सत्तर-बहात्तर."

"कार्ड कसं वापरायचं ते मी येऊन सांगितलं तर चालेल का? तुमच्याही मागचा त्रास कमी होईल."

तो नाही म्हणू शकला नाही.

परत येताना सिग्नलला मी विचारलं, "मॅडम, एवढं कशासाठी?"

त्या मागे बसून म्हणाल्या, "चऱ्होलीचे दत्तोबा म्हणून पेशंट होते. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचा शेक चालू होता, रोज पुण्याला जायचं. अकरा शेक घेतले आणि बंद केले. मला म्हणायचे, झालं सगळं. मी खोकल्याचं औषध देत राहिले. त्यांच्या तेराव्याला गेले तेव्हा बायकोनं सांगितलं, व्हय बाई, गाडीभाड्यालाच पैसं नव्हतं. ज्ञानेश, मी महिन्यातून दोनदा त्या माणसाची छाती तपासत होते. खिशाचं एकदाही विचारलं नाही."

सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला तेव्हा मला गाडी सोडायचं भान आलं.

रंभाताईंचं कार्ड पाच आठवड्यांनी झालं. आता गोळी त्यांना ईएसआयच्या दवाखान्यातून मिळते. एकदा तिथल्या गोळ्या संपल्या होत्या, दहा दिवस नवा साठा आला नाही, तेव्हा जनऔषधीतून आणल्या. पण खंड पडू दिला नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, सध्या काही दिसत नाही, पुढेही यायचं. त्या "सध्या" शब्दानं रंभाताई आधी घाबरल्या. मॅडमनी त्यांना समोर बसवून तो शब्द समजावून सांगितला, अर्धा तास लागला. बाहेर नऊ पेशंट खोळंबले होते. एकही उठून गेला नाही.

आणि मे महिन्यात मॅडम खरंच त्या वर्कशॉपवर गेल्या. मीही गेलो, या वेळी त्यांनी न सांगता. मशिनं बंद केलेली, माणसं तेलकट हातांनी जमिनीवर बसलेली. मॅडम वीस मिनिटं बोलल्या. कुणाला प्रश्न आहे का, विचारलं.

मग मागून एक पन्नाशीचा माणूस उठला. मोबाईलवर पगाराची स्लिप उघडलेली. "मॅडम, माझ्या आईच्या जिभेला गाठ आहे. आम्ही अजून कुणाला सांगितलं नाही."

त्याच्या मागे दुसरा उभा राहिला, मग तिसरा. बघता बघता प्रेसपासून शटरपर्यंत रांग लागली, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. इतक्या घरांत इतकं काही झाकून ठेवलेलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि मी तर याच लोकांना रोज औषधं विकत होतो.

मॅडमनी एक उलटी बादली ओढून घेतली, तिच्यावर बसल्या, आणि पहिल्या माणसाला म्हणाल्या, "दाखवा. आणि आईंना उद्या सकाळी घेऊन या."