डिकीखालचा ओघळ

आईच्या कमरेला खड्डे सोसत नाहीत, म्हणून दोन वर्षं ती मुरुडला आपल्या धाकट्या बहिणीकडे गेली नव्हती. मी पन्नाशीत गाडी शिकले आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली, ती मुख्यतः यासाठीच. जानेवारीत जायचं ठरलं.

नवरा बोटीवर, इंजिनरूममध्ये. तिथून घरी हुकूम सोडायची त्याला भारी हौस. निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मागचे शॉकॲबसॉर्बर बघितलेस? आईंची कंबर त्यांच्यावर आहे."

मांडवीतल्या आमच्या अंगणात माझी कवायत सुरू झाली. डिकीवर दोन्ही हातांनी रेटा दिला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

"झकास. नाचत राहिली असती तर गेले समज. आता चाकामागे वाकून बघ, शॉकॲबसॉर्बरच्या नळकांड्यावर आतलं तेल आलंय का."

गुडघे टेकून टॉर्च मारला. उजवीकडचं नळकांडं वरपासून खालपर्यंत ओलं होतं. फोन तिथे धरला.

"लीक आहे. आईंना घेऊन जाऊ नकोस."

मी रागाने फोनच बंद केला. त्याच्यावर राग नव्हता. दोन वर्षांनी जमलेलं जाणं एका ओघळाने मोडलं, याचा होता. आई पायरीवर बसून ऐकत होती. "जाऊ गो पुढच्या महिन्यात," म्हणाली आणि भरलेली पिशवी आत घेऊन गेली. त्या रात्री ती धड जेवली नाही.

सकाळी चांगलीच थंडी होती. गाडी गॅरेजला न्यायच्या आधी पुन्हा वाकले आणि बघतच राहिले. कालचा ओघळ पांढरा झाला होता, तुपासारखा थिजला होता. बोट लावून वास घेतला. खोबरेल.

डिकी उघडली. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली तेलाचा डबा कलंडलेला, निम्मा रिकामा. तिथेच शॉकॲबसॉर्बरचं वरचं टोक येतं, त्यावरचं रबरी टोपण कधीच पडलेलं. तेल तिथून सरळ खाली उतरलं होतं. ओघळ पुसला, तर नळकांडं ठणठणीत कोरडं.

"आई, हा डबा कधी ठेवलास?"

"परवाच. विसरायला नको म्हणून. तिला डोक्याला आपल्याकडचंच तेल लागतं."

मी हसत सुटले. नवऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "असला लीक उभ्या नोकरीत बघितला नाही. निघा."

मुरुडला मावशी फाटकातच उभी होती. दोघी नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मला त्या जुन्या गाडीचं फार कौतुक वाटलं. उरलेलं तेल संध्याकाळी मावशीने आईच्याच कमरेला चोळलं.

परत निघताना मी आधी डिकी उघडली. चादरीखाली कोकमाच्या आगळाची भलीमोठी बाटली होती, आडवी. वळून बघितलं, तर दोघी बहिणी एकदम गंभीर होऊन समुद्राकडे बघत होत्या.