तिचं नाव घेऊन बसवलेला कोपर

मुलांनो, आजीच्या मनात कुणाबद्दल काही राहत नाही, असं तुमचा बाबा सांगतो. त्याचं ऐकू नका. एका मुलीला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिची नातवंडं तुमच्याच शहरात असायची.

मध्य प्रदेश नुकता झाला होता. इंदुरात नवे साहेब बदलून येत होते. त्यांतल्या एकाची मुलगी आमच्या चौथीत आली. मधल्या सुट्टीत आम्ही सी-सॉवर बसलो. मी वर असताना ती माझ्याकडे पाहून हसली आणि टुणकन उतरली. मी आपटले. उजवा कोपर निखळून भलतीकडेच वळला. बाई आल्या तर ही म्हणते, "हिनेच हात सोडला." बाईंनी साहेबांच्या मुलीचं खरं मानलं आणि मला घरी पाठवलं. एकटीला.

फाटकाबाहेर पोलोग्राउंडच्या कारखान्यांकडे निघालेला टांगा माझा हात पाहून थांबला. आत दोन कामगार बायका होत्या. त्यांची कामाची पाळी बुडणार होती, तरी त्याच म्हणाल्या, "पहले छोरी को छोड़ दो." एकीने पदराने माझं नाक पुसलं.

टांगेवाल्याने मला आखाड्यापाशी नेलं. हाड बसवायला तेव्हा लोक पहेलवानाकडेच जात. आखाड्याच्या मातीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, म्हणून पहेलवानच अंगाची माती झटकत बाहेर ओट्यावर आले. कोपराला तेल चोळत त्यांनी विचारलं, "किसने गिराया?"

मी नाव सांगितलं.

"सुनाई नी दिया."

मी ओरडून सांगितलं.

"इतने में तो वो डरेगी भी नी!"

सगळा राग गोळा करून मी तिचं नाव घेतलं आणि त्याच क्षणी त्यांनी हात खेचला. कट्ट! कोपर जागेवर. मग लेप, बांबूच्या कामट्या, पट्टी.

दर रविवारी अप्पा, म्हणजे माझे वडील, मला पट्टी बदलायला नेत. पहेलवान आधी विचारत, "बदले का क्या सोचा?"

"डब्यात वाळू."

ओट्यावरचे शागिर्द गंभीरपणे मान हलवत. "कमज़ोर है, भिया."

"पाठीवर शाई."

"धुल जाएगी."

अप्पा सरकारी कारकून. साहेबाच्या मुलीबद्दल हे ऐकून त्यांना घाम फुटे. "पहेलवानजी, क्या सिखा रहे हो बच्ची को!"

"बाबूजी, गुस्सा रहेगा तो हाथ हिलाएगी."

पट्टी सुटली तरी तेल चोळून घ्यायला जावं लागे. पट्टी सुटली त्याच आठवड्यात मी तिच्या मागच्या बाकावर जागा मिळवली आणि तिच्या दोन्ही वेण्यांच्या रिबिनी तिच्या बाकाच्या पाठीला बांधल्या. दुहेरी गाठी, घट्ट. मुख्याध्यापिका वर्गात आल्या, सगळ्या उभ्या राहिल्या. ती अर्धीच. ती किंकाळी मला आजही गोड लागते. बाईंनी मला तासभर उन्हात उभं केलं. मी खुशीत उभी राहिले.

रविवारी हे सांगितलं तेव्हा शागिर्द लोळून हसले. पहेलवान हसले नाहीत. कोपर दाबून म्हणाले, "गाँठ मारते वक़्त दुखा?"

"नहीं."

"उँगलियाँ पूरी मुड़ीं?"

"हाँ."

"तो हाथ ठीक हो गया. अब मत आना," असं म्हणून ते आत मातीत निघून गेले.